दप्तर सरकारचे, आयुष्य नागरिकाचे

भिन्न धर्मांचे वधूवर विशेष विवाह कायद्याखाली विवाहबद्ध होऊ इच्छितात, तेव्हा त्यांना आधी विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. दोघांची नावे, वय, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण या तपशिलासह ती कचेरीत दर्शनी जागी लावली जाते आणि तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. या नोटिशींची नोंदवही कोणीही विनामूल्य पाहू शकतो. आधीचा विवाह लपवून कोणी कोणाला फसवू नये, हा १९५४ सालच्या या कायद्यातील तरतुदीचा उघड हेतू. परंतु घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या मुलीचा पत्ता तिच्या मागावर असलेल्यांच्या हाती सरकारच त्यायोगे देत असते. नोटीस जाहीर करायची की नाही, हे त्या वधूवरांनीच ठरवावे, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला, तो याच कारणाने.

सरकारी दप्तर खुले असावे, या तत्त्वाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मतदारांची यादी सर्वांसमोर आल्यावाचून तीतील मृतांची आणि बनावट नावे सापडणार कशी? रोजगार हमी योजना महाराष्ट्रानेच देशाला दिली. तिच्या कामावरील हजेरीपट मजुरांना पाहावयास मिळाला नाही, तर न आलेल्या माणसाच्या नावे मजुरी कोणी उचलली हे उमगणार कसे? राजस्थानातील मजुरांनी १९९४ पासून जनसुनावण्यांमध्ये असे हजेरीपट जाहीरपणे वाचून घेतले आणि कागदावरच राहिलेली कामे उजेडात आणली. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्यामागे त्या चळवळीची पुण्याई आहे. महाराष्ट्राने तर त्यापूर्वीच, २००२ साली, स्वतःचा असा कायदा केलेला होता.

मात्र या साऱ्या खुलेपणाला पूर्वी एक नैसर्गिक मर्यादा होती. चावडीवरची यादी पाहण्यासाठी चावडीवर जावे लागे. नोंदवही उघडण्यासाठी तालुक्याची कचेरी गाठावी लागे आणि तेथील कारकुनाला सामोरे जावे लागे. संगणकाने हे अंतर पुसून टाकले. तोच कागद संकेतस्थळावर गेला की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून वाचता येतो, त्याच्या हजारो प्रती निघतात, आणि चार निरनिराळ्या खात्यांतील चार निरुपद्रवी नोंदी जोडून एका माणसाचे सारे आयुष्य मांडता येते. २०१७ साली झारखंडच्या एका सरकारी संकेतस्थळावर लाखो निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील उघडे पडले. आपले लाभार्थी व त्यांचा असा तपशील जाहीर करणारी सुमारे २१० सरकारी संकेतस्थळे असल्याचे त्याच वर्षी आधार प्राधिकरणानेच सांगितले. ज्या वृद्धांना मासिक निवृत्तिवेतनाचाच आधार, त्यांच्या खात्याचा क्रमांक चव्हाट्यावर मांडून कोणता भ्रष्टाचार उघडकीस येणार होता?

न्यायालयाची दृष्टीही या काळात बदलली आहे. एखादी बाब सार्वजनिक दप्तरात आली की तिच्यापुरता खासगीपणाचा हक्क उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली म्हटले होते. अत्याचारपीडित स्त्रियांचा अपवाद मात्र तेव्हाही केला होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. नोंद सरकारदरबारी झाली म्हणून माणसाचा तिच्यावरील सारा हक्क संपतो, असे आता सहजासहजी म्हणता येणार नाही.

तथापि या हक्काची ढाल भलत्याच हातांत जाण्याचा धोका लहान नाही. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात वैयक्तिक माहिती नाकारण्यास पूर्वी अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होत असले, तरच नकार देता येई. आणि विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे तेथे स्पष्ट लिहिलेले होते. २०२३ सालच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या अटी काढून टाकल्या आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद अद्याप शाबूत असली, तरी ते हित सिद्ध करण्याचा खटाटोप बहुधा अर्जदारालाच करावा लागेल. अधिकाऱ्याची मालमत्ता वा कंत्राटदाराचे नाव ‘वैयक्तिक’ म्हणून झाकले जाऊ लागले, तर निवृत्तिवेतनधारकाच्या नावाने उभारलेल्या भिंतीआड लाचखोर सुखाने राहील.

म्हणून कसोटी सोपी ठेवली पाहिजे. ज्या नोंदीतून सरकारने काय केले हे कळते, ती उघडी असावी. ज्या नोंदीतून केवळ नागरिक कसा जगतो हे कळते, ती झाकलेली असावी. मजुराचे नाव, हजेरीचे दिवस आणि मजुरी जाहीर व्हावी, बँक खात्याचा क्रमांक होऊ नये. एकाच कागदावर दोन्ही असतील, तर झाकायचा भाग वगळून उरलेला देण्याची सोय माहिती अधिकार कायद्याच्या दहाव्या कलमात आहेच. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यासाठी प्रत्येक कचेरीत ते करणारा, समजणारा माणूस लागेल. सारे उघडे टाकणे किंवा सारे कुलूपबंद करणे, हे दोन्ही त्याहून सोपे. प्रशासनाचा ओढा त्या दोन टोकांकडेच असतो.

अशी मर्यादा पाळणे या देशाला नवे नाही. १९४८ सालच्या जनगणना कायद्याने प्रगणकाच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही, आणि त्या कायद्याखालील खटले सोडल्यास त्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तरीही जनगणनेचे एकत्रित आकडे साऱ्या देशासमोर येतात. दारात आलेल्या शिक्षकाला कुटुंबे आपली माहिती मोकळेपणाने सांगत आली, त्यामागे हा विश्वास आहे. तो एकदा उडाला, तर पुढच्या प्रगणकाला मिळणारी उत्तरे खरी असतीलच असे नाही, आणि त्या उत्तरांवर बेतलेल्या योजनाही मग तितक्याच पोकळ ठरतील.