वर्गापुढे आकडे मांडताना

संख्यात्मक संशोधन प्रकल्प सहाध्यायांपुढे मांडताना विद्यार्थी टक्केवारी वाचून दाखवतो आणि मोकळा होतो. टक्केवारी कोणाची, तुलना कोणाशी, हे मात्र राहून जाते. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात २००१ च्या जनगणनेचे आकडे आहेत : देशात मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के, एकूण ६४.८ टक्के. भोपाळच्या वर्गात हे आकडे फळ्यावर आले की पुढचे वाक्य ठरलेलेच, "आपला समाज मागे आहे." पण त्याच जनगणनेत मध्य प्रदेशातील मुस्लिमांची साक्षरता ७०.३ टक्के, राज्याची ६३.७ टक्के! मग पहिला आकडा खोटा काय? नव्हे. येथील मुस्लिम वस्ती बरीचशी शहरी आहे, आणि शहरांत सर्वांचीच साक्षरता अधिक असते. म्हणून शहराची तुलना शहराशी, स्त्रियांची स्त्रियांशी करून दाखवावी. साक्षरता ७ वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर मोजतात, हे तक्त्याखाली लिहावे. (साक्षर म्हणजे शाळा पूर्ण केलेला, असेही पुष्कळांना वाटते.) रंगीत आलेख दोन कमी असले तरी चालतील. शेवटी दहा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. "हे आकडे कुठून घेतले?" असे कोणी विचारले, तर उत्तर विद्यार्थ्यालाच देऊ द्यावे, मार्गदर्शकाने मध्ये पडू नये.