चढणीच्या माशाला वाट द्या

मृगाचा पाऊस बरा झाला, की वेदगंगा, दूधगंगा आणि हिरण्यकेशीला मिळणारे ओढे गढूळ पाण्याने भरून वाहू लागतात. नव्या पाण्याची चाहूल लागताच नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट ओढ्यात आणि तिथून भातखाचरात चढतात. हाच चढणीचा मासा. त्याची वेळ आणि वाट ठरलेली, म्हणून त्याला खाणारेही तिथे आधीच हजर असतात. बगळा बांधावर उभा राहतो, दिवड पाण्याकाठी दबा धरते, खंड्या फांदीवर टपून बसतो. आणि मोरीच्या तोंडाशी आपण जाळे लावतो.

जिथे माशांची वीण, तिथे शिकारी, हा नियम दूरच्या समुद्रातही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पोलारस्टर्न' या जर्मन संशोधन जहाजाने अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळावरून कॅमेरा ओढत नेला. सुमारे दीड हजार फूट खोलीवर माशांची घरटीच घरटी दिसली. आपल्या तलावाचे पाणी उन्हाळ्यात हटले, की चिलापीने काठाला उकरलेले गोल खड्डे उघडे पडतात, तसेच हे खड्डे. पण अडीच फूट रुंद आणि अर्धा फूट खोल. एकेका घरट्यात सरासरी सतराशेवर अंडी, आणि बहुतेक घरट्यांवर एक मासा राखणीला बसलेला. हा आइसफिश जातीचा मासा आहे. त्याच्या रक्ताला लाल रंगच नसतो. ही वसाहत सुमारे २४० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ५९ हजार एकरांवर पसरलेली असून तीत अंदाजे ६ कोटी घरटी असावीत, असे शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केले.

त्या भागातील वेडेल सील या प्राण्यांच्या अंगावर यंत्रे बसवून त्यांचा माग काढलेला होता. तो पाहता त्यांच्या बहुतेक बुड्या या घरट्यांच्या टापूतच पडत होत्या. सील श्वास रोखून तळाशी जातो, मासा पकडतो, आणि हवेसाठी त्याला पुन्हा वर यावेच लागते. बगळ्याचेही तसेच. एका वेळी चोचीत मावेल तेवढेच तो घेतो.

आपले जाळे मात्र ओढ्याची सगळी रुंदी अडवते. एक किलोच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. गाबोळीने भरलेली अशी एक मादी कालवणात गेली, की पुढच्या सालचे बियाणेच गेले. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी कोणी दळून खात नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, आम्ही मासे खाऊ नका असे म्हणत नाही. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक माशांतून लेकरांना प्रथिने आणि हाडांना लागणारा चुना मिळतो. म्हणूनच हा साठा टिकला पाहिजे. त्यासाठी एवढे करावे :

पहिल्या पुराचे आठ दिवस ओढ्याला आडवे जाळे लावू नये. मालवण-कारवारच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना जून-जुलैत बंदी असते. कोळी बांधव दोन महिने थांबतात, तर आपल्याला आठवडा जड नाही.

जाळ्यात गाबोळीची मादी आली, तर तिला जिवंत सोडावी.

सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली होती. औषध टाकून मारलेला मासा स्वस्त मिळाला तरी घरी आणू नये. ते विष लेकरांच्या पोटात जाते.

उसावर फवारणी केल्यावर पंप ओढ्यात धुऊ नये. माशांची पिले त्याच उथळ पाण्यात वाढत असतात.

गावातील तरुणांनी मृगाआधी एकत्र बसून आपल्या ओढ्यापुरते हे ठरवावे. एका गावाने वाट मोकळी ठेवली आणि खालच्या गावाने मोरी अडवली, तर मासा वर पोहोचणारच नाही. तेव्हा शेजारच्या गावालाही या बैठकीला बोलवावे.