संशोधन विभागाविना नावीन्य

फर्निचर, कापड, खाद्यपदार्थ हे 'अल्प-तंत्रज्ञान उद्योग' (उलाढालीच्या मानाने संशोधनावर फार थोडा खर्च करणारे) समजले जातात. त्यावरून तिथे नवे काही घडत नाही, असा गैरसमज होतो. ही वर्गवारी फक्त संशोधनखर्च मोजते. तांदूळ नवा की जुना हे पाहून सुगरण पाण्याचे प्रमाण बदलते, तशा इथल्या सुधारणा रोजच्या कामातून, ग्राहकांच्या तक्रारींतून होतात. यंत्रे पुरवणाऱ्यांकडूनही बरेच शिकायला मिळते. उदाहरणार्थ, स्वीडनच्या आयकिया या फर्निचर कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन यांनी १९५६च्या सुमारास टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले. माझ्या मते खरे महत्त्वाचे पाऊल त्यानंतरचे: कंपनीने ती युक्ती धंद्याची रीतच केली. फर्निचर सपाट खोक्यात जाऊ लागले, ग्राहक ते घरी जोडू लागले. वाहतुकीतली जागा वाचली, मोडतोडही घटली.