वेल्ट शाबूत आहे

काका बूट उलटा धरतात आणि तळाच्या मधोमध अंगठा रोवतात. चामडं दबतं. "अजून पंधरा दिवस घातला असतात तर भोक पडलं असतं," ते म्हणतात. मग बूट आडवा करून कडेनं नजर फिरवतात. वरचं चामडं आणि तळ यांच्यामधून बुटाला वळसा घालून जी अरुंद पट्टी जाते, ती वेल्ट. तिच्यावरचे टाके ते नखानं चाचपतात. "वेल्ट शाबूत आहे. होईल काम."

समोर बसलेल्या तरुणाचा चेहरा खुलतो. बूट त्याच्या वडिलांचे आहेत. वडील जहाजावर इंजिनिअर होते, तेव्हा इंग्लंडमध्ये घेतलेले. आत पुसट झालेल्या सोनेरी अक्षरांत नॉर्दम्प्टनचं नाव आहे. गुरं, ओकची साल आणि नदीचं पाणी ही चामडं कमावायला लागणारी तिन्ही साधनं त्या गावाला जवळच मिळाली, म्हणून तिथे शेकडो वर्षं बूट शिवले जातात. तिथल्या फुटबॉल संघालाही लोक 'कॉबलर्स' म्हणूनच ओळखतात. आज असा नवा जोड घ्यायचा तर पन्नास हजारांच्या घरात जातो.

आम्ही बसलोय ते धारावीत, नव्वद फुटी रस्त्यावरून आत वळलेल्या एका गल्लीत. पत्र्यावर पाऊस वाजतोय. भिंतीला लाकडी फर्मे टांगलेत, खाली चामड्याच्या गुंडाळ्या, आणि काकांच्या गुडघ्यापाशी लोखंडी तिपायी, हातोडा, आरी, रापी. एका दिवसात कुठलाच बूट पुरा होत नाही. प्रत्येक पायरीला काहीतरी सुकावं लागतं. म्हणून काकांच्या पुढ्यात तीन जोड तीन अवस्थांत पडलेत. आज सकाळपासून इथे बसलं की सगळं काम एकदाच बघायला मिळतं.

तरुणाचा बूट आधी उघडला जातो. काका फर्मा आत सारतात. मूळ फर्मा अर्थात नॉर्दम्प्टनलाच आहे. जवळच्या मापाचा फर्मा घेऊन त्याच्या पाठीवर चामड्याचे तुकडे चिकटवून ते तो बुटाच्या आकारात आणतात. टाच पकडीनं उचकटतात. मग रापीचं पातं वेल्ट आणि तळ यांच्या फटीत घालून एकेक टाका कापत जातात. इथे घाई चालत नाही. पातं जरा वर गेलं तर वेल्ट कापली जाईल, आणि मग सगळंच वाढेल. अर्ध्या तासानं तळ सुटून हातात येतो.

आत कॉर्कचा थर आहे, काळा पडलेला. त्यात पायाचा ठसा उमटलाय: टाच, अंगठ्याची खोलगट जागा, बोटांची रांग. हा मुलाचा पाय नाही, वडिलांचा. तरुण वाकून बघतो, काही बोलत नाही. काका क्षणभर थांबतात, मग खरवडायला घेतात. जुना कॉर्क काढल्याशिवाय नवा बसत नाही. मधली पोलादी पट्टी गंजलीय का ते पाहतात, पुसून परत बसवतात.

बूट असा उघडता येतो, याचं श्रेय त्याच्या रचनेला. वरचं चामडं, सुकतळ्याखालची कड आणि वेल्ट हे तिन्ही एका शिलाईनं बांधलेले असतात. तळ मात्र दुसऱ्या, वेगळ्या शिलाईनं फक्त वेल्टला जोडलेला असतो. त्यामुळे तळ काढला तरी बूट मोडत नाही. ही शिलाई यंत्रावर करण्याचं पेटंट 1871 मध्ये धाकट्या चार्ल्स गुडइयरनं घेतलं. रबर टिकाऊ करण्याची कृती शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरचा हा मुलगा. आजही अशा बुटांना गुडइयर वेल्टेडच म्हणतात. वेल्ट सांभाळली तर दोन-तीनदा तळ बदलतो, आणि ती थकली की वेल्टही नवी घालता येते.

इतक्यात एक गृहस्थ पिशवीतून चकचकीत बूट काढतात. "चार वर्षं डब्यात होता, दोनदा घातला असेल." काका तळाला हात लावतात तर त्याचा शिळ्या भाकरीसारखा भुगा होतो. पॉलियुरेथेनचा तळ. हवेतला ओलावा त्याला आतून तोडत जातो, न वापरताही. मुंबईच्या हवेत तर लवकरच. कडेला शिलाई दिसतेय खरी. काका आरीचं टोक तिच्याखाली घालतात आणि सगळी पट्टी सुटून येते. शिलाई नुसती दिखाव्याची, तळ डिंकावर. बूट स्वस्तातला नव्हता, ही मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट. भरपूर पैसे घेऊन दुरुस्त न होणारी वस्तू विकायची आणि वर टाक्यांचं सोंग काढायचं, ही सरळ फसवणूक आहे. काका रागावत नाहीत. "दुसरा तळ चिकटवून देतो, पण किती टिकेल ते नाही सांगत," एवढंच म्हणतात.

दुसऱ्या जोडाचा तळ रात्रभर ओल्या फडक्यात होता. पाच मिलिमीटर जाडीचं, झाडपाल्याच्या अर्कात कमावलेलं चामडं. काका ते तिपायीवर ठेवून ठोकतात. ठोकल्यानं ते घट्ट होतं, मग सहज झिजत नाही. कडेनं एक तिरकी चीर देतात. टाके त्या चिरेत बसवून वर चामड्याची पापणी मिटवली की दोरा रस्त्याला घासत नाही.

मग शिलाई. काकांकडे गुडइयरचं यंत्र नाही. मेण ओढलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया. आरी वेल्टच्या जुन्याच छिद्रातून घालायची. शेजारी नवं भोक पाडलं तर पट्टी फाटायची भीती. एक सुई इकडून, दुसरी तिकडून, त्याच छिद्रातून आरपार, आणि दोन्ही हात फाकवून करकचून ओढ. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात. इथे प्रत्येक छिद्रातून दोन्ही टोकं गेलेली. एखादा टाका झिजला तरी शेजारचे जागा सोडत नाहीत.

"हे कुठे शिकलात?" मी विचारतो.

"वडील मोटा शिवायचे," काका हात न थांबवता सांगतात. सातारा जिल्ह्यातलं गाव. विहिरीवर बैल जुंपून ओढायची ती चामड्याची मोट. "टाका ढिला पडला तर पाणी वाटेतच गळणार आणि शेतकरी दारात येणार." पुढे पंप आले, मोटा गेल्या आणि काका मुंबईला आले. मोटेचा टाका आता नॉर्दम्प्टनच्या बुटात बसतोय. जातीनं वाट्याला आलेलं म्हणून जे काम लोकांनी हलकं ठरवलं, त्यात एवढी अचूक विद्या होती. हे मान्य करायला आपण फार उशीर केला आहे.

पलीकडे काकांची मुलगी एका वकिलाच्या काळ्या ऑक्सफर्डवर बसलीय. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या बुटांवर पांढरी बुरशी चढलीय. ती बूट गल्लीत नेऊन ब्रश मारते, म्हणजे बुरशीचे कण इतर चामड्यावर बसत नाहीत. मग अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी अशा फडक्यानं पुसून पंख्याखाली ठेवते. "उन्हात नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. तडकतं," ती वकिलांना बजावते. "भिजले तर कागदाचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कापडी घ्या. आणि एकच जोड रोज घालू नका, घाम सुकायला एक दिवस द्या."

सुकलेल्या जोडीवर ती बोटानं क्रीम चोळते, अगदी थोडं. घोड्याच्या केसांचा ब्रश झपाझप फिरतो आणि काळा रंग खोल होत जातो. मेणाचं पॉलिश फक्त टोकाला आणि टाचेला. जिथे बूट वाकतो तिथे मेणाचा थर दिला तर भेगा पडतात. चमकण्यापेक्षा चामड्याला तेल मिळणं महत्त्वाचं, हे तिला लोकांना रोज सांगावं लागतं.

तिसऱ्या जोडाची कड काका काचेच्या तुकड्यानं तासतात, पॉलिश कागद मारतात, तापवलेल्या लोखंडानं मेण जिरवतात. गिऱ्हाईक येतं, बूट घालून चार पावलं टाकतं आणि मग विचारतं, "साडेतीन हजार जरा जास्त नाही का होत?"

नाही होत. जोडीमागे दोन दिवसांची मजुरी, चामडं, कॉर्क, दोरा हे सगळं त्यात आलं. काकांचा मुलगा या कामात आलेला नाही, मुलगी आलीय, आणि ती टिकेल की नाही हे याच साडेतीन हजारांवर ठरणार आहे. तुमच्या कपाटात शिवलेल्या तळाचा चांगला जोड असेल तर तो वेल्ट झिजायच्या आत अशा कारागिराकडे न्या, आणि तो सांगेल ते दाम घासाघीस न करता द्या.