चकमकी चापाची जुळणी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील मौजे कोंढा हा धानाच्या बांध्यांचा मुलूख आहे. आणि जेथे धान पिकते व जंगलही फार दूर नसते, तेथे लोंबी भरण्याच्या दिवसांत रानडुकरांपासून पिकाची राखण कशी करावी, हा शेतकऱ्याच्या संसारातील एक कायमचा प्रश्न होऊन बसतो. या प्रश्नाची दखल आपल्या कायद्यानेही घेतली असून, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचा, म्हणजे जिला आपण ठासणीची किंवा भरमार बंदूक म्हणतो तिचा, स्वतंत्र उल्लेख केलेला आहे. या बंदुकीचा बार ज्याच्या योगे उडतो तो चाप आज टोपीवर चालतो. परंतु त्याच्या अंतर्भागातील कमानी, खाचा आणि खिट्ट्या यांची रचना थोड्याफार फरकाने त्याच्या पूर्वजाची, चकमकी चापाचीच आहे. तेव्हा ज्याला चकमकी चाप नीट उकलता व नीट जुळवता येतो, त्याला भरमारीचे अंतरंगही कळते. आणि ज्याला ते कळत नाही, त्याच्या हातून दोन्ही सारख्याच सहजतेने मोडतात.

चकमकी चापापूर्वीच्या तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला, म्हणजे बार पेटविणाऱ्या दारूला, लावावी लागे, आणि पाऊस, वारा व रात्रीचा अंधार हे तिघेही त्या वातीचे वैरी होते. गारेच्या आघाताने पोलादातून ठिणगी पाडून रंजक पेटविण्याची युक्ती युरोपात आधीपासून प्रचलित होती. तिला पूर्णत्व देण्याचे श्रेय बहुधा फ्रान्समधील लिझ्यो येथील कारागीर मारँ ल बूर्ज्वा याला, १६१० च्या सुमारास, दिले जाते. मराठी दौलतीत या चापाचे महत्त्व कवायती पायदळाबरोबर वाढले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी जो पराक्रम केला, त्यामागे फ्रेंच पद्धतीची शिस्तबद्ध बंदूकबाजी होती. आणि पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन याने ज्या पलटणी उभारल्या, त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर युरोपीय नमुन्याच्या तोडीच्या बंदुका नगास दहा रुपये खर्चात तयार करवीत असे. आपला भंडारा प्रांत ज्यांच्या अमलाखाली होता त्या नागपूरकर भोसल्यांचे पायदळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात आणि १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर ज्या इंग्रजी फौजेशी लढले, तिच्या शिपायांच्या हातीही चकमकी चापाचीच बंदूक होती.

या यंत्राची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एका लोखंडी पट्टीच्या बाहेरच्या अंगास घोडा असतो आणि त्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गार घट्ट धरलेली असते. समोर रंजकाची वाटी, तिच्यावर झाकणाचे काम करणारे चकमकीचे पोलादी पाते, आणि त्या पात्याला जागी ठेवणारी एक लहान बाह्य कमान असते. पट्टीच्या आतल्या अंगास घोड्याशी एकाच आसावर जोडलेली खाचांची चकती असते. तिच्या टोकावर मोठी कमान नेहमी दाब देत असते, आणि तिच्या दोन खाचांत, अर्ध्या ताणाच्या व पूर्ण ताणाच्या, खिट्टीचे नाक जाऊन बसते. चकतीला व खिट्टीला सरळ रेषेत धरून ठेवणारी आधारपट्टी त्यांच्यावर असते, आणि खिट्टीला खाचेकडे रेटणारी एक छोटी कमान असते. खटका ओढला की खिट्टी खाचेतून निघते, मोठी कमान चकतीला फिरवते, घोडा पुढे झेपावतो, गार पात्यावर घासून ते उघडते, ठिणग्या वाटीत पडतात, आणि वाटीतील ज्वाला कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्रातून, आतील दारूपर्यंत पोहोचते.

जुन्या बंदुकीला हात लावण्यापूर्वीचे पहिले कर्तव्य म्हणजे ती भरलेली आहे की काय याची खात्री करणे. नळीचे तोंड आपल्यापासून व इतर सर्वांपासून दूर ठेवून गज आत सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून त्याचे टोक कानाच्या छिद्रापर्यंत पोहोचते की नाही ते पाहावे; ते अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे असे समजून ती बंदूक जाणकाराच्या स्वाधीन करावी. दीडशे वर्षे भिंतीवर टांगलेल्या बंदुकीतही बार शिल्लक राहिलेला असू शकतो.

उकलण्याचा क्रम एकोणिसाव्या शतकातील लष्करी नियमपुस्तकांत बयाजवार दिलेला आहे, आणि त्यात आजही फरक करण्याचे कारण नाही. घोडा पूर्ण ताणावर घ्यावा, मोठ्या कमानीवर शिकंजा केवळ टेकेल इतका आवळावा, मग खिट्टी दाबून घोडा हाताने सावकाश खाली आणावा. कमान आपोआप सैल होऊन हाती येते. त्यानंतर छोट्या कमानीचा पेच अर्धा सोडवून तिचा दाता पट्टीतील खाचेतून हलकेच उचकावा आणि मगच पेच पुरता काढावा. पुढे खिट्टी, आधारपट्टी आणि शेवटी चकती निघते. घोडा चकतीच्या चौकोनी आसावर घट्ट बसलेला असल्यामुळे तो पेचकसाने उचकटण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास घोड्याची मान वाकते किंवा पट्टीला ओरखडा पडतो. घोड्याचा पेच काढून त्याच्या छिद्रात पितळी सळई ठेवून हलक्या ठोक्याने चकती बाहेर सारावी, म्हणजे घोडा आपोआप सुटतो.

जुळणी याच्या उलट क्रमाने करावयाची. आणि येथेच बहुतेक अनर्थ घडतात, कारण उकलताना जे अडते ते अडल्याचे दिसते, परंतु जुळवताना जे चुकते ते पुष्कळदा पहिला घोडा पडेपर्यंत लपून राहते. आधारपट्टीचे आणि खिट्टीचे पेच दिसायला सारखे पण लांबीने भिन्न असतात; त्यांची अदलाबदल झाली तर लांब पेच पट्टीबाहेर डोकावून घोड्याला घासतो आणि आखूड पेचाला पुरेशी पकड मिळत नाही. खिट्टीचा पेच फाजील आवळला तर खिट्टी जखडते व तिचे नाक खाचेत अर्धवटच बसते. मग खाचेची धार तुटते. घोडा चौकोनी आसावर चारही बाजूंनी बसू शकतो, पण योग्य बाजू एकच असते. चुकीच्या बाजूने बसविलेल्या घोड्याचा आतला खांदा पट्टीच्या कडेवर येऊन थांबत नाही, आणि मोठ्या कमानीचा सारा आघात चकतीला, आधारपट्टीला किंवा कमानीच्या आकड्याला सोसावा लागतो. हे भाग अशा आघातासाठी घडविलेले नसल्यामुळे एखाद-दुसऱ्या खेपेतच ते जायबंदी होतात.

आणखी एक भाग असा आहे की जो हरवला तर हरवल्याचे कळतही नाही. हलक्या खटक्याच्या काही शिकारी रायफलींत चकतीला तिळाएवढा एक फिरता तुकडा बसविलेला असतो. घोडा सुटल्यावर खिट्टीचे नाक अर्ध्या ताणाच्या खाचेवरून सुखरूप ओलांडून नेणे हे त्याचे काम. तेल पुसताना तो चिंधीबरोबर गेला आणि चाप त्याच्याविना जुळविला, तर पुढच्या बाराला खिट्टी त्या खाचेत आदळते, आणि नाक तरी मोडते किंवा खाच तरी. म्हणून चकती पांढऱ्या कापडावर काढावी आणि तिची दोन्ही अंगे पाहूनच ती बाजूला ठेवावी.

मोठी कमान सर्वांत शेवटी बसवायची. पूर्ण ताणावर असताना ती जितकी मिटलेली असते, तितकीच ती शिकंज्यात मिटवावी. तिची दोन पाती एकमेकांना भिडेपर्यंत आवळली तर ती बाकाशी तुटते. पोलादाला आधी पाणी देऊन मग बेताने उष्णता देत त्याची कठीणता उतरवलेली असते, आणि त्या दोन्ही क्रियांच्या समतोलावरच कमानीचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून गंज काढण्यासाठी ती भट्टीत किंवा दिव्यावर धरणे म्हणजे ती कमान गमावणेच होय. कमान बसल्यावर प्रत्येक आसाशी तेलाचा एकेक थेंब सोडावा. चाप उघडा असताना, समोर पाते नसताना किंवा जबड्यात गार नसताना घोडा मोकळा पाडू नये; पात्याचा प्रतिकार नसला की त्याचा सगळा वेग त्याच्याच मानेवर येतो. चाप दस्त्यात बसवतानाही बाजूचे पेच अति आवळले तर लाकूड दबते, पट्टीला पीळ पडतो आणि आतली नीट जुळलेली यंत्रणा पुन्हा अडखळू लागते.

इतका क्रम, इतकी दक्षता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हे चाप कानशीने हातांनी घडविलेले असत, आणि एका चापाचा पेच दुसऱ्याला बसेलच असे नसे. म्हणूनच जाणते कारागीर पेचांवर व त्यांच्या छिद्रांजवळ ठिपक्यांच्या किंवा कानशीच्या खुणा करून ठेवीत. १७८५ साली पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लाँ या कारागिराने अमेरिकेचे वकील टॉमस जेफर्सन यांच्यापुढे पन्नास चापांचे सुटे भाग मांडले, आणि जेफर्सन यांनी हाताला लागतील ते भाग घेऊन स्वतः काही चाप जुळविले तेव्हा ते सर्व बिनचूक बसले. ही त्या काळी इतकी अपूर्व गोष्ट होती की त्यांनी ती पत्राने स्वदेशी कळविली. आपल्या शिलेखान्यांतील बंदुकांना तो लाभ मिळाला नाही. तिथे एक खाच तुटली की तिची जोड पुन्हा हातांनीच घडवावी लागे.

आजही हे चाप नष्ट झालेले नाहीत. नागपूरच्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो तिथे, शस्त्रांचे दालन आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी शस्त्रे आहेत. आणि खंडेनवमीला पाटावर मांडून पूजण्याइतक्या बंदुका अनेक जुन्या घराण्यांत अद्याप आहेत. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुन्या बनावटीचे जे शस्त्र दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, ते शस्त्र अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमाप्रमाणे त्या कायद्याच्या बाहेर आहे. पण जे चालू होऊ शकते त्याला परवाना लागतो, आणि बंदूकदुरुस्तीचा धंदा करण्यासही परवाना लागतो. तेव्हा पूजेचे हळदकुंकू व पाणी चापाच्या सांध्यात जाऊ देऊ नका, पूजा झाल्यावर तो कोरडा पुसून तेलाचा हात द्या, आणि उघडण्याची वेळ आलीच तर परवानाधारक जाणत्या कारागिराकडून उघडवा. त्यातून निघालेला प्रत्येक पेच, तो मोडका असला तरी, त्याच चापाबरोबर कापडात बांधून ठेवा; कारण मोडलेला मूळ भाग समोर असेल तर कारागीर त्यावरून नवा घडवू शकतो, आणि तो फेकून दिला असेल तर त्याला केवळ अंदाजाने काम करावे लागते.