मिरजेच्या वाटेवरचं देवाचं राज्य

येशू मरून उठला, चाळीस दिवस शिष्यांच्या भेटीगाठी घेत राहिला, आणि तो निघायच्या बेतात असताना शिष्यांनी त्याला विचारलेला शेवटचा प्रश्न निव्वळ राजकीय होता. इस्राएलचं राज्य आता परत मिळणार का? 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग आहे. पुण्या-मुंबईचा वाचक तो वाचून सहज पुढे जाईल, बेळगाव-निपाणीकडचा अडखळेल. 1956 ला राज्यपुनर्रचना झाली. 1967 मध्ये महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यात ठेवावं आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं. महाराष्ट्राने ते मानलं नाही, आणि वाद मिटला नाही तो नाहीच. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. "कधी?" हा प्रश्न इथे आजोबांनी विचारला, आता नातू विचारतोय. येशूने शिष्यांना तारीख दिली नाही. कुठे जायचं ती ठिकाणं मात्र सांगितली, आणि त्यांत शोमरोनही घातलं. म्हणजे ज्यांच्याशी यहुदी माणूस पाण्याचा व्यवहारसुद्धा ठेवत नसे, ते अगदी शेजारचे लोक.

देवाचं राज्य हा येशूच्या सगळ्या बोलण्याचा कणा. पण त्याची व्याख्या त्याने केली नाही. गोष्टी सांगितल्या, आजारी बरे केले, नको त्या लोकांच्या पंगतीला बसला. शिष्यांना गावोगाव धाडताना हुकूम दिला तोही असाच: आधी रोगी बरे करा, मग राज्य जवळ आलंय म्हणून सांगा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सीमाभागात या कल्पनेचं काय झालं ते पाहायचं, तर चर्चच्या दप्तरापेक्षा दवाखाना आणि पंगत यांच्या मागे गेलेलं बरं.

दप्तरातला भाग थोडक्यात सांगतो. पेशवाई बुडून दोन वर्षं झाली होती तेव्हा, 1820 साली, लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात ठाणं मांडलं. 1904 मध्ये तिने हे काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केलं. बेननस्मिथ हायस्कूल या परंपरेतलं. जेझुइटांचं सेंट पॉल्स 1856 चं, आणि कॅथलिकांचा स्वतंत्र बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. मराठी, कोकणी, कानडी, तमिळ, इंग्रजी असं सगळं कानावर घेत इथला ख्रिस्ती समाज वाढला. शाळांनी पिढ्या घडवल्या हे खरंच. पण मिशनच्या शाळा नावारूपाला आल्या की हळूहळू परवडणाऱ्यांच्या होतात, हे सगळीकडचंच रडगाणं आहे.

दवाखान्याचं तसं झालं नाही, निदान बराच काळ. विल्यम वानलेस हा कॅनडाचा तरुण डॉक्टर 1889 ला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला आणि 1894 मध्ये त्याने मिरजेत इस्पितळ उघडलं. मिरज निवडण्यात व्यवहार होता. पुणे-बेळगाव-लोंढा हा लोहमार्ग आणि कोल्हापूरचा फाटा तिथेच मिळतात. बेळगाव, गोकाक, रायबागकडचा रोगी गाडीत घातला की मिरजेला उतरवता येई. निपाणीचा माणूस बैलगाडीने चिकोडी रोड स्टेशन गाठी किंवा कोल्हापूरवरून जाई. मोतीबिंदू, मूतखडे, पोटातल्या गाठी, अडलेली बाळंतपणं. अंगारे-धुपारे संपले, वैद्याचे काढे संपले, की उरलेला रस्ता मिरजेचा. वानलेसने डॉक्टर तयार करायची शाळा काढली, कुष्ठरोग्यांची सोय केली, क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभं केलं. आज वानलेसवाडी हे गावाचंच नाव आहे.

मिशन दवाखान्याची रीत अशी की ऑपरेशनच्या आधी डॉक्टर प्रार्थना करी आणि मग सुरी हातात घेई. रोग्याबरोबर आलेली माणसं आवारात तीन दगडांची चूल मांडून भाकऱ्या थापत. कोणी कोणाच्या चुलीजवळ बसावं हे गावात ठरलेलं असे. इथे शेजारच्या खाटेवर कोण येईल ते रोग ठरवी. सोवळं पाळणारा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून पडला की पाण्याचा पेला कोणाच्या हातातून आला हे त्याला दिसायचंही नाही. बाप्तिस्मा घेणारे त्यांतले थोडेच निघाले. मिशनचे हिशेब ठेवणाऱ्यांना ही उणीव वाटत असेल, मला वाटत नाही. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच आभार मानायला परत आला होता, आणि तोही शोमरोनी होता.

याच मुलखात, निपाणीवरून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या साताऱ्यात, नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' काढला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या माणसाने दिलेला नवा करार वाचताना डोंगरावरच्या प्रवचनापाशी तो खिळून राहिला होता. बावीस वर्षं मिशनमध्ये काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की इथला ख्रिस्ती माणूस साहेबाच्या पगारावर आणि साहेबाच्या चालीवर चालतो. त्याने मिशनची नोकरी सोडली. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही येशूभक्त बसणार होते. भजन-कीर्तन आपल्या वळणाचं, आणि मान खाली घालायची ती फक्त येशूपुढे. 9 मे 1919 ला टिळक गेले आणि दरबार पांगला. ख्रिस्ती मंडळींना बाप्तिस्म्याशिवायची माणसं नको होती, हिंदू मंडळींना येशू पुरता नको होता. माझ्या मते सीमाभागाला शोभेल असा देवाच्या राज्याचा नकाशा मराठीत एवढा एकच काढला गेला. तो अंमलात आला असता तर घरातलं काय बदललं असतं, हे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त दिसतं. कडक सोवळ्यापासून कोणाच्याही हातचं पाणी पिण्यापर्यंतची वाट त्या स्वतःवर हसत-हसत सांगतात.

निपाणीत मात्र कथेला वेगळं वळण लागतं. तिथे राज्य होतं तंबाखूचं. वखारीत पदर नाकाला बांधून बायका दिवसभर तंबाखू कुटायच्या आणि चाळायच्या. खकाणा डोळ्यांत, छातीत. ऊन उतरलं तरी काम संपायचं नाही, आणि मुकादम नको म्हणाला की उद्याची मजुरी गेली. येशूने देवाच्या राज्याची एक गोष्ट अशाच रोजंदारीवरची सांगितली आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून मजूर लावतो, संध्याकाळी तासभर आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि सकाळचे लोक चिडतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, या मालकाच्या प्रश्नावर उशिरा आलेल्या मजुरांचं उत्तर साधं आहे: आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. पोट पूर्ण दिवसाचं असतं, म्हणून मजुरीही पूर्ण दिवसाची. युनियनवाल्याला ही गोष्ट अर्धीच पटेल, कारण सगळं मालकाच्या मर्जीवर आहे. निपाणीच्या बायकांनी मर्जीवर विसंबून चालवलं नाही, संघटना केली. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने 1982 मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्या चळवळीत चर्चचा झेंडा नव्हता. मळ्यातल्या त्या गोष्टीचा सर्वात जवळचा अर्थ मला तिथेच सापडतो.

आज या भागात बरं होण्याचा शब्द ऐकू येतो तो बहुधा प्रार्थनासभेत. पत्र्याच्या शेडमध्ये ढोलकी, टाळ्या, मराठी-कानडी मिसळलेली गाणी, आणि पुढे येऊन साक्ष देणाऱ्या बायका: नवऱ्याची दारू सुटली, पोराचा ताप उतरला. दारू सुटलेलं घर हा चमत्कार नाही असं मी तरी म्हणणार नाही. पण जो पास्टर गोळ्या बंद करायला सांगतो त्याने वानलेसची सुरी आठवावी. याच सभांकडे बोट दाखवत डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने मंजूर केलं. त्यात आमिषाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की बऱ्या आयुष्याचं आश्वासनही तिच्यात बसतं.

आणि दिल्लीचा 1950 चा आदेश आहेच. अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे एकाच वस्तीतल्या दोन चुलत भावांपैकी बौद्ध झालेल्याला दाखला मिळतो आणि ख्रिस्ती झालेल्याची जात कागदावरून जाते, विहिरीवरून जात नाही. कित्येक चर्चच्या बाकांवरूनही ती गेलेली नाही, हे तिथे बसणाऱ्यांना कोणी सांगायला नको. टिळकांच्या दरबाराचं काम अडलं तेही धर्माच्या अशाच शिक्क्यापाशी, आणि अजून तिथेच आहे.