पडद्यामागचा आवाज कोणाचा?

‘सिंगिन’ इन द रेन’ हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, फिल्म सोसायटीच्या एका खेळाला. भर पावसात छत्री मिटून नाचणारा जीन केली तेवढा लक्षात राहिला. पुढे बऱ्याच वर्षांनी आपल्याकडच्या पार्श्वगायनाच्या सुरुवातीच्या काळावर टिपणे काढत होते, तेव्हा तो पुन्हा पाहिला. या वेळी लक्ष गेले ते पावसाकडे नाही, तर शेवटच्या प्रसंगात वर जाणाऱ्या रंगमंचावरच्या पडद्याकडे. त्या पडद्यामागे खरोखर कोण गाते आहे, या प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजे हा लेख.

एमजीएमचा हा चित्रपट १९५२ सालचा. दिग्दर्शक जीन केली आणि स्टॅन्ली डोनन, निर्माता आर्थर फ्रीड. हा फ्रीड मुळात गीतकार. संगीतकार नेसिओ हर्ब ब्राउन याच्याबरोबर त्याने बोलपटांच्या आरंभकाळात पुष्कळ गाणी केली होती. त्या जुन्या गाण्यांभोवती एक कथा गुंफायचे काम बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयीवर सोपवले गेले. गाणी ज्या काळातली, तोच काळ कथेसाठी घ्यावा, असे त्यांनी ठरवले. म्हणून कथा घडते १९२७ साली, ‘द जॅझ सिंगर’ने मूकपटांची झोप उडवली त्या वर्षी.

डॉन लॉकवूड आणि लीना लामाँट ही मूकपटांतली लाडकी जोडी. लीना दिसायला देखणी, पण आवाज चिरका आणि उच्चार गावंढळ. मूकपटात ते खपून गेले. बोलपटात कसे खपणार? मग केथी सेल्डन ही होतकरू नटी लीनासाठी गुपचूप बोलते आणि गाते. चित्रपट गाजतो. लीनाला हा आवाज कायमचा आपल्या ताब्यात हवा असतो. अखेर प्रेक्षकांसमोर लीना ओठ हलवत असताना मागचा पडदा ओढला जातो आणि माइकपुढे गाणारी केथी सर्वांना दिसते. लीनाची फजिती होते, केथीला नाव मिळते, नायकही मिळतो.

यातले विनोद हवेतून आलेले नाहीत. सुरुवातीच्या बोलपटांत माइक जागचा हलत नसे. तो सेटवर कुठेतरी लपवावा लागे आणि नटांना त्याच्या रोखाने बोलावे लागे. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडत. चित्रपटात माइक झुडपात ठेवला की लीना मान वळवते आणि शब्द गळतात. तो तिच्या चोळीत खोवला की हृदयाचे ठोके ऐकू येतात. पुढे चाचणीच्या खेळात चित्र आणि ध्वनी यांची फारकत होते आणि बाईच्या तोंडी पुरुषाचा आवाज येतो. त्या काळी व्हायटाफोन पद्धतीत ध्वनी वेगळ्या तबकडीवर असे. सुईने एखादी रेघ चुकवली की असा घोटाळा व्हायचाच.

गाणे आधी मुद्रित करायचे आणि मग त्यावर ओठ हलवत चित्रीकरण करायचे, ही युक्तीसुद्धा त्याच धडपडीतून आली. एमजीएमच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) मधले एक नृत्यगीत पुन्हा चित्रित करायचे ठरले. पहिल्या वेळचे ध्वनिमुद्रण चांगले होते. तेच सेटवर वाजवून त्यावर नाचून घ्यावे, असे ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शीअरर यांनी सुचवले. खर्च वाचला आणि कॅमेराही मोकळा झाला. ते गाणे फ्रीड-ब्राउन यांचेच होते. म्हणजे ज्या युक्तीवर ‘सिंगिन’ इन द रेन’चे कथानक उभे आहे, तिच्या जन्माच्या वेळी त्याचा निर्माता तिथे हजर होता.

आता पडद्यामागे जाऊ. केथीची भूमिका करणारी डेबी रेनॉल्ड्स तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती कसरतपटू होती, नृत्याचे रीतसर शिक्षण तिला नव्हते. तिघांच्या एका नाचासाठी दिवसभर इतक्या वेळा चित्रीकरण झाले की तिच्या पायांतून रक्त आले. मात्र केथी लीनासाठी जे हळवे प्रेमगीत मुद्रित करते, ते रेनॉल्ड्सने गायलेले नाही. तो आवाज बेटी नॉइज या गायिकेचा. डिस्नेच्या ‘डम्बो’ (१९४१) मधली हत्तिणीची अंगाईही तिचीच. दोन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नाही.

गंमत इथेच संपत नाही. केथी लीनाचे संवाद मुद्रित करते, त्या प्रसंगात ऐकू येणारा भारदस्त आवाज आहे जीन हेगनचा, म्हणजे लीनाचे काम करणाऱ्या नटीचाच! हेगनचा मूळ आवाज संथ आणि सुसंस्कृत होता. चिरका आवाज तिने भूमिकेसाठी कमावला होता. सुधारलेल्या लीनासाठी रेनॉल्ड्सच्या बोलण्यापेक्षा हेगनचे नैसर्गिक बोलणे अधिक शोभेल, असे ठरले. म्हणजे लीनाला आवाज देते केथी, आणि केथीला आवाज देते लीनाच. हेगनला या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र नाही.

ज्या चित्रपटाने आवाजाच्या चोरीला शिक्षा दिली, त्यानेच उसना आवाज नाव न देता वापरावा, याला ढोंग म्हणायचे का? मला तसे पटकन म्हणवत नाही. स्टुडिओ जी वस्तू विकत होता ती म्हणजे अखंड तारका: तिचा चेहरा, तिचे पाय, तिचा गळा, सगळे एकाच नावाखाली. गायिकेचे नाव दिले की ती अखंडता भंगते. म्हणूनच मार्नी निक्सन हिने ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूड आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी गायिले, तरी श्रेयनामावलीत तिला जागा मिळाली नाही. दोष एका लीनाचा नव्हता, व्यवहारच तसा होता. चित्रपट मात्र सारा दोष तिच्यावर ढकलतो. पडदा ओढणाऱ्यांत स्टुडिओचा मालकही आहे आणि तो हसत हसत सुटतो. हे मला आता खटकते.

याच सुमारास मुंबईतही हाच प्रश्न उभा होता. ‘महल’ (१९४९) मधले लता मंगेशकरांचे गाणे गाजले तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचे. गाते कोण, अशी श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली आणि मग लताबाईंचे नाव सांगितले गेले. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू केले ते १९५९ साली, तेही लताबाईंनी आग्रह धरल्यावर. आपल्याकडे गायिकेचे नाव नटीइतकेच मोठे झाले आणि त्याने कोणाही नटीचे तेज उणावले नाही. हॉलिवूडची भीती अनाठायी होती, एवढे यावरून दिसते.

एवढे कळल्यावर चित्रपटाची गोडी कमी झाली का? माझी तरी नाही. मागच्या महिन्यात तो घरी पुन्हा लावला. केथी माइकपुढे उभी राहिली तेव्हा मी डोळे मिटून ऐकले. गाणे बेटी नॉइजचे होते, नंतरचे संवाद जीन हेगनचे. त्या दोघींची नावे मी शेजारी बसलेल्या नातीला सांगितली. तिने चित्रपट मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा लावला आणि आम्ही दोघींनी तो पहिल्यापासून ऐकला.